दारावरच्या बेलची स्मरणशक्ती

दाराला कॅमेऱ्याची बेल लावायची असं घरात ठरलं की पहिली चर्चा पैशांची होते, आणि ती व्हायलाच हवी. बाजारात अडीच-तीन हजारांपासून बारा-पंधरा हजारांपर्यंतचा माल आहे आणि खोक्यांवरची भाषा सगळीकडे तीच: स्वच्छ चित्र, अंधारातही दिसणार, दोन्हीकडून बोलता येणार, दारासमोर काहीही हललं की मोबाईलवर सूचना, शिवाय सगळ्याचं रेकॉर्डिंग. एवढं सगळं तीन हजारांत मिळत असेल तर दहा कशाला घालवायचे, असं कोणीही विचारेल. माझं म्हणणं असं की या यादीतल्या निम्म्या गोष्टी आपल्या दाराला लागतच नाहीत. ज्या लागत नाहीत त्यांच्यापायीच ही वस्तू महाग पडते, आणि त्यांच्यापायीच ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना जाचक होते. कमी खर्चाची बेल आणि कमी उपद्रवाची बेल बहुतेक वेळा एकच निघते. फक्त काटकसर कशात करायची आणि कशात अजिबात करायची नाही, हे आधी ठरवावं लागतं.

या यंत्राच्या मुळाशी जी गरज होती ती अगदी साधी होती. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या परिचारिका. त्यांची आणि नवऱ्याची कामं वेळी-अवेळीची, त्यामुळे बऱ्याचदा घरात एकटीनेच राहायचं. वस्तीत गुन्हे वाढलेले आणि पोलिसांना बोलावलं तर ते वेळेवर येतील याची खात्री नाही. १९६६ साली दोघांनी मिळून पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९च्या डिसेंबरात ते मिळालं. दारावर वेगवेगळ्या उंचीला भोकं, त्यांच्यामागे वरखाली सरकणारा कॅमेरा, आतल्या खोलीत टीव्हीचा पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय, आणि जागेवरूनच दार उघडायला किंवा मदत मागवायला बटण. अनोळखी माणूस दाराशी असताना दारापर्यंत जावं लागू नये, एवढंच त्या बाईंना हवं होतं. साठ वर्षं होत आली तरी घरात एकटं असणाऱ्या कोणाचीही खरी गरज हीच आहे: कोण आलंय ते दिसावं, आतूनच बोलता यावं, दार उघडायचं की नाही ते ठरवता यावं.

पुढे या गरजेला दुसरी गरज चिकटली आणि ती मात्र अमेरिकन उपनगरातली. जेमी सिमिनॉफ नावाच्या उद्योजकाला गॅरेजमध्ये काम करताना दाराची बेल ऐकू येत नसे, म्हणून त्याने मोबाईलवर वाजणारी बेल बनवली. २०१३ मध्ये ‘शार्क टँक’ या कार्यक्रमात तो ती घेऊन गेला आणि गुंतवणूक न मिळता परत आला. हीच कंपनी पुढे ‘रिंग’ झाली आणि २०१८ मध्ये ॲमेझॉनने ती भरपूर पैसे मोजून घेतली. ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या कंपनीला दाराच्या बेलमध्ये एवढा रस का, हे कळायला तिकडची घरं डोळ्यांसमोर आणावी लागतात. स्वतंत्र बंगली, पुढे अंगण, रस्त्यापासून दारापर्यंत पायवाट. पार्सलवाला दारात खोकं ठेवून निघून जातो आणि मालक संध्याकाळी येईपर्यंत ते तिथेच पडून असतं. ते उचलून नेणारे भुरटे चोर ही तिथली रोजची डोकेदुखी. अशा घराला अंगणावर दिवसभर नजर ठेवणारी, हालचाल टिपणारी, टिपलेलं साठवणारी बेल उपयोगी पडते, कारण तिच्या टप्प्यात येणारी बरीचशी जमीन मालकाचीच असते.

आता आपल्याकडचा जिना बघा. पुण्यातली, ठाण्यातली, नाशिकमधली कुठलीही चार मजली सोसायटी घ्या. एका मजल्यावर चार दारं, मधे हात पसरले तर दोन्हीकडच्या भिंतींना लागतील एवढी जागा. एका दाराबाहेर चपलांचं कपाट, दुसऱ्याबाहेर मुलाची सायकल, तिसऱ्याच्या उंबऱ्यापाशी कालची पुसट झालेली रांगोळी. सकाळी सहापासून पेपरवाला, दूधवाला, कचऱ्याचे डबे उचलणारी बाई, मग एकेका घरची कामवाली, मग कुरिअर आणि किराणा घेऊन येणारी पोरं. यातलं निम्म्याहून जास्त येणंजाणं आपल्या दाराशी नसतंच. पार्सल म्हणाल तर पोरगा ओटीपी विचारतो आणि हातात देतो. घर बंद असेल तर समोरच्यांकडे किंवा वॉचमनकडे ठेवतो. म्हणजे ज्या चोरीसाठी दिवसभराची पाळत हवी, ती चोरी आपल्या मजल्यावर फारशी होत नाही, आणि जी पाळत बसते ती समोरच्या कुटुंबावर. त्यांची मुलगी रात्री किती वाजता आली, त्यांच्याकडे कोण पाहुणे उतरले, सासूबाई सुनेशी दारात काय बोलल्या, हे सगळं आपल्या बेलच्या पोटात जमा होत राहतं. आपण ते कधी बघणारही नसू. पण समोरच्यांना ते आहे हे माहीत असतं, आणि दार उघडताना त्यांचा चेहरा बदललेला असतो.

म्हणून खोक्यावर कौतुकाने छापलेला ‘१६० अंशांचा रुंद दृष्टिक्षेप’ आपल्या जिन्यात दुर्गुण ठरतो. आपल्याला हवी ती उभी चौकट, डोक्यापासून पायापर्यंत दिसणारी. आडव्या, टीव्हीसारख्या चौकटीत समोरच्याचा चेहरा आणि शेजाऱ्यांचं दार दिसतं. पायाशी ठेवलेली पिशवी किंवा बेलपर्यंत हात न पोचणारं पोर दिसत नाही. उभ्या चौकटीत आपलं काम भागतं आणि शेजार आपोआप कमी येतो. चित्राच्या बारकाईचंही तसंच. चार फुटांवर उभ्या माणसाचा चेहरा ओळखायला महागातला सेन्सर लागत नाही. त्यापेक्षा मागच्या खिडकीतून ऊन येत असताना चेहरा काळा पडतो का, हे दुकानात विचारा, जमलं तर दाखवायला सांगा. दुकानदार बहुधा आकडेच सांगत राहील.

किमतीकडे वळू. खोक्यावरची किंमत हा खर्चाचा पहिला हप्ता असतो. बऱ्याच स्वस्त बेल साठवणीसाठी कंपनीच्या क्लाउडवर अवलंबून असतात आणि सुरुवातीची फुकटची मुदत संपली की महिन्याची वर्गणी सुरू होते. महिन्याला दीडशे रुपये धरले तरी वर्षाचे अठराशे, पाच वर्षांचे नऊ हजार. म्हणजे तीन हजारांची बेल बारा हजारांना पडली, आणि हे वरचे सगळे पैसे आठवणींचे गेले. कोण आलंय ते दाखवायला, बोलायला वर्गणी लागत नाही. लागते ती काल-परवा कोण आलं होतं ते सांगायला. काही बेलमध्ये मेमरी कार्डाची सोय असते आणि ते बरं. मात्र कार्ड बाहेरच्या युनिटमध्ये असेल तर बेल उपटून नेणारा पुरावाही सोबत नेतो. कार्ड घरात वाजणाऱ्या भागात, म्हणजे चाइममध्ये, किंवा पडद्यात बसणारं असावं.

विजेचा प्रश्न तर खास आपला. अमेरिकन घरांत बेलला ट्रान्सफॉर्मरमधून सोळा ते चोवीस व्होल्ट येतात. आपल्याकडे बेलच्या बटणापर्यंत थेट दोनशे तीस व्होल्ट आलेले असतात. नातेवाइकाने तिकडून आणलेली बेल जुन्या वायरींना जोडली तर ती जळेल, आणि जोडणाऱ्याला झटका बसेल तो निराळाच. आपल्या विजेसाठीच बनवलेली किंवा सोबत ॲडॅप्टर असलेलीच बेल घ्यावी आणि जोडणी वायरमनकडूनच करून घ्यावी. बॅटरीवाली लावायला सोपी, पण हालचालीच्या सूचना चालू ठेवल्या तर वर्दळीच्या मजल्यावर ती भराभर उतरते आणि मग स्टूल घेऊन ती काढायची, चार्ज करायची, परत लावायची हा उद्योग मागे लागतो. सत्तरीच्या माणसाने स्टुलावर चढायचं का, हेही खर्चातच धरा. वाय-फायचंही बघायला हवं. बहुतेक स्वस्त बेल २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. राउटर हॉलच्या दुसऱ्या टोकाला, मधे भिंत आणि लोखंडी सेफ्टी डोअर, मग चित्र अडकतं. घेण्याआधी मोबाईल दाराबाहेर बेलच्या उंचीवर धरून, दार लावून, व्हिडिओ कॉल करून बघावा. तो नीट चालला तर पुढचं बोलणं. आणि लाईट गेली की राउटर बंद, राउटर बंद की बेल आंधळी, हेही आधीच ध्यानात घ्यावं. इन्व्हर्टर नसलेल्या घरात, ज्या अंधारात बेल सर्वांत जास्त हवी, त्या अंधारात ती नसते.

यातल्या बऱ्याचशा प्रश्नांवर एक जुना, काहीसा विस्मरणात गेलेला उपाय आहे आणि मला तो अजूनही सर्वांत पटतो: वायरचा व्हिडिओ डोअर फोन. बाहेर कॅमेरा आणि बटण, आत भिंतीवर सात इंची पडदा, मधे वायर. बटण दाबलं की पडदा उजळतो, बोलायला बटण, संपलं. इंटरनेट नाही, ॲप नाही, वर्गणी नाही, पासवर्ड विसरायची सोय नाही. रेकॉर्डिंग नसलेली मॉडेलं आहेत आणि तीच स्वस्त आहेत. वायरिंगला एक दिवस जातो आणि थोडी पुट्टी खरवडली जाते, एवढाच त्रास. वीस-बावीस वर्षांपूर्वी नव्या इमारतींत बिल्डर हे लावून द्यायचे. नंतर स्मार्टफोन आला आणि हा पडदा मागासलेला वाटायला लागला. पण दार उघडायला जे माणूस उठणार आहे ते घरातच असेल, तर त्याला दिसावं म्हणून चित्र आधी परदेशातल्या सर्व्हरवर जाऊन परत यायची काय गरज?

‘घेतो तर मग सगळ्यांत स्वस्त ऑनलाइन’ म्हणणाऱ्यांसाठी २०२४ची एक हकिकत सांगितली पाहिजे. अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकसंस्थेने फेब्रुवारीत काही स्वस्त व्हिडिओ बेल तपासल्या. शेनझेनच्या एकेन या कंपनीच्या त्या बेल वेगवेगळ्या नावांनी मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांत विकल्या जात होत्या. तपासणीत दिसलं की दाराशी येऊन कोणीही बटण आठ सेकंद दाबून धरलं तर बेल स्वतःच्या मोबाईलला जोडून घेता येते. म्हणजे बेल आपल्या भिंतीवर, चित्र चोराच्या हातात. मालकाने ती परत जोडून घेतली तरी सुटका नाही, कारण एकदा अनुक्रमांक कळला की पासवर्डशिवाय दाराची स्थिरचित्रं दुरून बघता येत होती. घराच्या वाय-फायचं नाव आणि नेटचा पत्ता बेल उघड्यावर पाठवत होती. बोभाटा झाल्यावर कंपनीने दुरुस्त्या केल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने तिथल्या प्रतिनिधीबद्दल खोटी माहिती दिल्यावरून तिला सुमारे सात लाख पस्तीस हजार डॉलरचा दंड प्रस्तावित केला. काटकसर जिथे करायची नाही ती जागा ही: बनवणाऱ्याचा पत्ता, देशातलं सेवाकेंद्र, आणि पुढची काही वर्षं सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या मिळतील याची खात्री. नाव-गाव नसलेली बेल फुकट मिळाली तरी दाराला लावू नये.

मग मोठं नाव घेतलं की झालं? तेही नाही. २०२३च्या मे महिन्यात अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ‘रिंग’वरच कारवाई केली. ग्राहकांच्या खासगी चित्रणापर्यंत कर्मचारी आणि कंत्राटदार मोकाट पोचू शकत होते, आणि २०१७ मध्ये एका कर्मचाऱ्याने बायकांच्या बेडरूम-बाथरूममधल्या कॅमेऱ्यांची हजारो चित्रणं पाहिली, असं त्या तक्रारीत होतं. अठ्ठावन्न लाख डॉलरवर ते प्रकरण मिटलं. हे कॅमेरे घरातले होते, पण कोठार एकाच कंपनीचं. आधीच्या वर्षी ‘युफी’ या ब्रँडचं असंच झालं. आमचं सगळं तुमच्या घरातच साठतं, अशी त्यांची जाहिरात. २०२२च्या नोव्हेंबरात एका सुरक्षा-संशोधकाने दाखवून दिलं की क्लाउड बंद ठेवला तरी बेलच्या सूचनांसोबतची छोटी चित्रं क्लाउडवर जात होती. भारतात एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणी सक्तीची झाली, हे चांगलंच झालं. तरी चाचणी उत्तीर्ण झालेल्या यंत्रातूनही साठवलेलं बाहेर जाऊ शकतं. साठवलंच नाही, तर जाणार काय?

यावरचा खरा आक्षेप पुराव्याचा. उद्या घर फुटलं तर? आक्षेप हलका नाही. दुपारच्या वेळी कुलूपबंद फ्लॅट फोडणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आपण वाचतोच. पण आधी बघा की त्या बातम्यांमध्ये पोलीस कुठलं चित्रण तपासतात: गेटवरचं, चौकातलं, शेजारच्या दुकानाचं. चोर कुठून आला, कुठल्या गाडीवरून गेला, हे तिथे दिसतं. दाराशी दिसतो तो रुमाल बांधलेला चेहरा, फार तर लेन्सवर चिकटवलेली पट्टी. सोसायटीने मिळून गेटवर आणि पार्किंगमध्ये चांगले कॅमेरे लावले तर माणशी खर्च बेलपेक्षा कमी येईल आणि कोण किती दिवस काय साठवतं हे सर्वसाधारण सभेत विचारता येईल. दुसरं, मोबाईलमध्ये क्लिप आहे म्हणजे पुरावा आहे, असं कायदा मानत नाही. जालन्याच्या २०१४च्या विधानसभा निवडणुकीचा वाद याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयात गेला होता. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, याला निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणाचा आधार होता आणि प्रश्न होता प्रमाणपत्राचा. जुलै २०२०च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की मूळ उपकरणच हजर केलं नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच अट कलम ६३ मध्ये आहे, आता तर प्रमाणपत्राचा एक भाग तज्ज्ञाने भरायचा आहे. परदेशातल्या सर्व्हरवरून उतरवून चार ग्रुपांवर फिरवलेली क्लिप या वाटेने नेताना वकिलाला घाम फुटतो.

तरीही काही दारांना आठवण लागते, हे मान्यच आहे. एकटी राहणारी बाई आणि तिला त्रास देणारा माणूस. रस्त्यावर उघडणारा बंगला. आठवड्यातले पाच दिवस बंद असलेलं कोकणातलं घर. तिथे रेकॉर्डिंगवर पैसे घालावेत आणि हिंमतीने घालावेत. मी बोलतोय ते चार दारांच्या जिन्याबद्दल, जिथे भीती बरीचशी जाहिरातीतून आलेली असते.

कायद्याचं म्हणाल तर तो या बाबतीत अजून अर्ध्या वाटेवर आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये सांगितलं. २०२३ चा डिजिटल माहिती संरक्षण कायदा मात्र व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी हाताळलेल्या माहितीला हात लावत नाही. माझ्या दाराची बेल घरगुती, हे ठीक. पण तिच्यातून काढलेली, ‘ही बाई आज पाऊण तास उशिरा आली’ असं लिहून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेली क्लिपही घरगुतीच का? त्या बाईला ग्रुपमध्ये जागा नसते, तिला उत्तर देता येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी दोन घरची कामं जातात. बेलच्या नजरेखालून सर्वांत जास्त वेळा जाणारी माणसं हीच: कामवाली, कचरावाली, किराणा आणणारी पोरं. वर्गणी मालक भरतो, झळ यांना बसते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या न्यायालयाने २०२१ मध्ये एका शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यांवर निकाल दिला तेव्हा बेलच्या चित्रापेक्षा ती लांबवरचं बोलणं टिपते, यावर त्याचा अधिक आक्षेप होता. आपल्याकडे कोलकाता उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, दुसऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे नकोत, असं म्हटलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात बदल केला नाही. सामायिक जिना त्या निकालात नाही. त्याबद्दल स्पष्ट नियम येईपर्यंत शहाणपण एवढंच की ध्वनिमुद्रण बंद करता येईल, हालचालीची सूचना पूर्ण बंद ठेवता येईल, आणि चौकटीतला शेजाऱ्यांचा भाग झाकता येईल अशीच बेल घ्यावी. आणि भिंतीला भोक पाडण्याआधी समोरच्यांना बोलावून मोबाईलवर चित्र दाखवावं. ‘आमचं दार दिसतंय हो’ असं ते म्हणाले तर दोन इंच सरकवायला त्या वेळी काहीच लागत नाही.

हल्ली या बेलचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे परदेशातली मुलं. आई कोथरूडला किंवा डोंबिवलीला एकटी, मुलगा न्यू जर्सीत. बेल तो ऑनलाइन मागवतो, सुट्टीत आला की लावतो आणि ॲप स्वतःच्या मोबाईलवर टाकून जातो. त्याची काळजी खरी आहे आणि तिच्यावर हसण्यासारखं काही नाही. पण ॲपचं मुख्य खातं त्याच्या नावाचं असतं, म्हणून होतं असं की दुपारी चार वाजता शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला येतात आणि बेलमधून, तिकडच्या पहाटेच्या झोपेतला, आवाज येतो, ‘कोण पाहिजे?’ आई दारामागे उभी, काकू दाराबाहेर, आणि उत्तर देणारा तिसराच. आई कुठे गेली, किती वेळ गेली, कोणाबरोबर परत आली, हेही त्याला कळतं. तिने त्याला ते सांगायचं ठरवलेलं नसतं. अशा घरात आत पडदा असलेली बेल घ्यावी आणि ॲप हवंच असेल तर मुख्य खातं आईच्या नंबरवर उघडून मुलाला त्यात दुय्यम वापरकर्ता करावं. बहुतेक ॲपमध्ये ही सोय असते. ‘तिला ते जमणार नाही,’ असं मुलगा म्हणेल. मग सुट्टीतली एक दुपार तिच्याजवळ बसून शिकवायला काढावी, आणि सूचना कधी चालू ठेवायच्या, कधी बंद, ते तिला ठरवू द्यावं.